मानेवाड्यात छतावर ३ किलोवॅट सोलार: महापालिकेची मंजुरी लागते का?

मानेवाडा_गृहिणी:
नमस्कार. नागपुरात नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लेआउटमध्ये आमचं दोन माळ्यांचं घर आहे, आरएल म्हणजे नियमितीकरण पत्र मिळालेलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, स्ट्रक्चर आठ फूट उंच घेऊ, पत्रे लावून बाजू बंद केल्या की वर एक खोलीच मिळेल. शेजारचे काका म्हणतात, मंजुरी नसली तर महापालिकेची नोटीस येईल. त्यात बिल अजून माझ्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. आधी काय करावं?

निवृत्त_लाइनमन:
ताई, आधी बिलावरचं नाव बदला. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जोडून महावितरणकडे अर्ज करा. पीएम सूर्यघरचा, म्हणजे केंद्राच्या छतावरच्या सोलार योजनेचा, अर्ज ग्राहक क्रमांकावर चालतो, आणि ३ किलोवॅटचं ७८,००० रुपये अनुदान अर्जदाराच्याच खात्यात येतं. नावं जुळली नाहीत की फाइल अडते.

शेजारच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सोलारच्या अर्जात घराचा मंजूर नकाशा कुणी मागत नाही. पण बाजू बंद करून खोली काढली की ते बांधकाम झालं, आणि १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याने त्याला परवानगी लागते. ती खोली सोडा. शिवाय मे महिन्यात संध्याकाळी आपल्याकडे जे वादळ सुटतं, त्यात उंच स्ट्रक्चरवर फार जोर येतो. खालून झाडता येईल एवढी उंची ठेवा. साधारण तीनशे चौरस फूट मोकळं छत लागेल. टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली दुपारी चारला स्वतः उभं राहून बघा. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या सगळ्या ओळीची वीज कमी होऊ शकते.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून महावितरणची तपासणी होईपर्यंत कुणालाही सोलार चालू करू देऊ नका. लाइन गेली की सोलारच्या इन्व्हर्टरने आपोआप बंद व्हायला हवं. नाही झाला तर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाते, आणि खांबावर चढलेला माणूस ती तार मेली समजून हात लावतो. मी त्या खांबांवर आयुष्य काढलं आहे. अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून बचावाचा दांडा) समोर उभं राहून बसवून घ्या.

मनीषनगर_फ्लॅट:
काका, अपार्टमेंटमध्ये काय करायचं? छत सगळ्यांचं आहे.

निवृत्त_लाइनमन:
छत सामाईक, म्हणून असोसिएशनचा ठराव आणि एनओसी लागेल. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी असोसिएशनने मिळून बसवलं तर किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. भांडणंही कमी होतात.

मानेवाडा_गृहिणी:
आमचा मंजूर भार, म्हणजे बिलावर लिहिलेली वीज वापराची मर्यादा, १ किलोवॅटच आहे. तो वाढवायला वेगळा अर्ज लागेल का? आणि कॉन्ट्रॅक्टर अर्धे पैसे आजच मागतो आहे.

निवृत्त_लाइनमन:
भाराची काळजी नको. २०२४ च्या नियमानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळते, आणि लागेल तेवढा भार वितरण कंपनीच वाढवते. पैसे मात्र नाव बदलल्याशिवाय देऊ नका. आणि कोटेशनवर ‘डीसीआर पॅनेल’ असं लिहून घ्या. सेलसुद्धा भारतातच बनलेले असतील तरच अनुदान मिळतं.

मानेवाडा_गृहिणी:
खोली रद्द केली, काका. नणंदबाई रविवारी येताहेत, त्यांची सही घेते आणि सोमवारी अर्ज देते.