सेटजंपनंतर बदललेला पॉइंटर पुन्हा नल का होतो?

प्रश्न:
लिबपीएनजी ही लायब्ररी वापरून पीएनजी चित्र वाचणारे एक फंक्शन मी सी भाषेत लिहिले आहे. त्यात ओळींचा पॉइंटर आरंभी नल (कशाकडेही निर्देश न करणारा) ठेवला आहे, त्यानंतर सेटजंप (एरर आल्यास परत येण्याची जागा नोंदवणारी सोय) आहे, आणि चित्राची उंची कळल्यावर मॅलॉकने मेमरीत घेतलेल्या जागेचा पत्ता त्या पॉइंटरमध्ये जातो. फाइल बिघडलेली निघाल्यास लायब्ररी लाँगजंप करते, म्हणजे सेटजंपने नोंदवलेल्या ठिकाणी थेट उडी घेते, व एरर हाताळणाऱ्या भागात मी मॅलॉकची ती मेमरी फ्री करतो. ओ-० वर, म्हणजे कंपायलरचे ऑप्टिमायझेशन बंद असताना, सारे सुरळीत चालते. परंतु ओ-२ (ऑप्टिमायझेशन चालू) आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा (जादा वॉर्निंग) लावताच जीसीसी कंपायलर बजावतो की हा व्हेरिएबल लाँगजंप किंवा व्हीफोर्क (नवी प्रोसेस सुरू करणारा कॉल) यांमुळे बिघडू शकतो. घोषणेच्या आरंभी व्होलाटाइल (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाचा-लिहा असे कंपायलरला सांगणारा शब्द) लिहूनही वॉर्निंग गेली नाही, उलट फ्रीच्या ओळीवर आणखी एक उगवली. याकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर १:
मुळीच चालणार नाही. सेटजंप आपली नोंद ठेवतो त्या जंप-बफरमध्ये मुख्यतः स्टॅक पॉइंटर, परतीचा पत्ता आणि बोलावलेल्या फंक्शनने जपायची रजिस्टरे (प्रोसेसरमधील छोट्या साठवणजागा) साठवली जातात. स्टॅकवरील (फंक्शनचे स्थानिक व्हेरिएबल राहतात त्या मेमरीतील) मजकुराची प्रत कोणी घेत नाही. ओ-० वर तुमचा पॉइंटर स्टॅकवर राहतो, म्हणून नवी किंमत टिकते. ओ-२ वर तो अशा एखाद्या रजिस्टरात बसला, की लाँगजंप ते रजिस्टर सेटजंपच्या वेळच्या स्थितीला नेते आणि तुमच्या हाती नल येतो. नल फ्री केल्याने काहीच घडत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम कोसळत नाही. प्रत्येक बिघडलेल्या फाइलमागे मेमरी मात्र निमूटपणे गळते. कोसळला असता तर निदान कळले तरी असते.

तुमचा व्होलाटाइल चुकीच्या जागी आहे. घोषणेतील तारकेच्या डावीकडे लिहिल्यास तो पॉइंटर ज्याकडे निर्देश करतो त्या वस्तूला लागू होतो. तो तारकेच्या उजवीकडे, नावालगत लिहा. दोन्ही वॉर्निंग जातील.

उत्तर २:
वरील उत्तराला एक पुरवणी. सेटजंप ज्या फंक्शनात आहे त्याचाच स्थानिक व्हेरिएबल, तो व्होलाटाइल नसणे आणि सेटजंप व लाँगजंप यांच्या दरम्यान त्याची किंमत बदललेली असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच प्रमाणित सी त्याची किंमत अनिश्चित मानते. जीसीसीला लाँगजंप नेमका कोठून होईल हे दिसत नसल्याने कधीकधी न बदलणाऱ्या व्हेरिएबलवरही तो हाकाटी करतो. मी स्वतः व्होलाटाइल पेरत बसण्याऐवजी पॉइंटर बोलावणाऱ्या फंक्शनातील स्ट्रक्टमध्ये (व्हेरिएबलांच्या गटात) ठेवतो आणि सेटजंप असलेल्या आतल्या फंक्शनाला फक्त त्या स्ट्रक्टचा पत्ता देतो. सेटजंप बोलावणारे फंक्शन जीसीसी इनलाइन करत नाही, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनात मिसळून टाकत नाही, त्यामुळे ही विभागणी ऑप्टिमायझेशनमध्येही टिकते.

प्रश्नकर्ता:
स्ट्रक्टचा मार्ग स्वीकारला. अर्धवट कापलेली फाइल देऊन व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली चालवले, गळती दिसली नाही. सेटजंपचा निकाल मी एका इंटमध्ये साठवून मग तपासतो, ते योग्य आहे का?

उत्तर १:
बहुतेक कंपायलर ते चालवून घेतात, पण प्रमाणित सीमध्ये त्याला मुभा नाही. सेटजंप थेट इफच्या किंवा स्विचच्या अटीतच लिहा.