मदत हवी आहे : मक्याची पानं जांभळी पडली, काय फवारू?

बांधावरचा :
मका अजून गुडघ्याला लागला नाही आणि खालची पानं टोकाकडून कडेकडेनं जांभळी होत चाललीत. शेजारचा मका हिरवागार. दुकानदार म्हणतो बुरशी आहे, औषध घेऊन जा. उद्या सकाळी फवारायचंय, लवकर सांगा.

काळीमाती :
पेरणी कधीची? खत कोणतं, कधी, कसं दिलं? फोटो तरी टाका.

रानवाटा :
आधी पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, उघडून बघा. लष्करी अळीच असणार, आमच्याकडं तिनं प्लॉटच्या प्लॉट खाल्लेत.

बांधावरचा :
अळी नाही हो, पोंगा हिरवा आहे. पेरणी डिसेंबरच्या सुरुवातीची. डीएपी खत एकरी एक बॅग दिलंय.

काळीमाती :
पेरून की फेकून? जमीन कसली?

बांधावरचा :
उगवल्यावर फेकून, मग पाणी दिलं. जमीन चुनखडीची, नांगरलं की पांढरे खडे वर येतात.

काळीमाती :
मग बुरशीनाशकावर पैसे घालू नका, स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय. बॅगेत 23 किलो स्फुरद असतं, मात्रा ठीकच आहे. पण ते युरियासारखं पाण्याबरोबर खाली उतरत नाही. पडलं तिथंच बसतं आणि चुन्यात अडकतं. मूळ तिथवर गेलं तरच मिळणार, त्यात थंडीनं मुळं मंदावलेली. मग झाड जुन्या पानांतलं स्फुरद काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून जांभळेपणा खालून. एक रोप उपटून मुळं धुवा, शेजाऱ्याच्या रोपाशी ताडून बघा.

गोदाकाठ :
पीएसबीची, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची, मुळाशी आळवणी करा, विषय संपला. मी तर डीएपी बंदच केलंय.

काळीमाती :
जिवाणू चांगलेच, पण ते बियाण्याला चोळायचे. गार मातीत ते आठवड्यात काय करणार? आत्ता 12:61:00 हे पाण्यात विरघळणारं स्फुरदाचं खत लिटरला 5 ग्रॅम फवारा. त्यानं हातभार लागेल, सगळी गरज भागणार नाही. आणि घाबरून आणखी डीएपी फेकू नका, जादा स्फुरदानं जस्त अडलं की पानांवर पांढरे पट्टे येतील.

रानवाटा :
काही वाण थंडीत जांभळे पडतातच, ऊब आली की सुधारतात. दोघांचा वाण एकच आहे का?

बांधावरचा :
एकच. मुळं धुतली. माझी तोकडी, त्याची दाट. त्यानं दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाण्याबरोबरच खतही मातीत पेरलं होतं. कणसाला फटका बसेल का?

गोदाकाठ :
उन्हाळी भुईमुगाला सिंगल सुपर किती टाकता कोणी?

काळीमाती :
भुईमुगाचा वेगळा धागा काढा भाऊ. बांधावरचा, मका पाच-सहा पानांवर आला की कणीस आतल्या आत धरायला लागतं, दाण्यांच्या ओळी त्यानंतर लवकरच ठरतात. किती पानं झालीत?