चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी : सोसायटीच्या ग्रुपवर

बी-२०४ : आईला चिकुनगुनिया होऊन साडेतीन महिने झाले. ताप चार दिवसांत उतरला, पण सकाळी अजून मूठ वळत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, कणीक मळायचं नावच नाही. अकरा वाजले की जरा मोकळी होते. कुणाला असा अनुभव आहे का?

ए-१०१ : अंगात वात राहिलाय. सुंठ-तूप द्या आणि निर्गुडीच्या पाल्याने शेका. १९७३ ला बार्शीत साथ आली तेव्हा आमच्या घरी हेच केलं होतं. आजी दोन महिने भिंत धरून चालायची.

सी-३०२ : माझ्या जावेला मेडिकलवाल्याने गोळी दिली, दोन दिवसांत कामाला लागली. नाव पाठवते.

बी-५०३ : ताई, कृपा करून नाव नका पाठवू. इतक्या झटपट आराम म्हणजे बहुतेक स्टिरॉइड असणार. आमच्या बाबांना कुणीतरी अशीच दिली होती. साखर ३४० वर गेली आणि गोळी बंद केल्यावर गुडघे पुन्हा सुजले. काका, शेकाने बरं वाटतं हे खरंच, शेक चालू राहू द्या. पण तीन महिन्यांच्या वर दुखणं राहिलं तर संधिवाताच्या डॉक्टरांनाच दाखवायला हवं.

बी-२०४ : पण विषाणू गेला तर दुखतं कशाने?

बी-५०३ : आम्हीही हेच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, विषाणूचे अवशेष सांध्यात राहतात असं काहींचं मत आहे, तर काहींच्या मते चेतलेली प्रतिकारशक्ती शांतच होत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतं. हे हुबेहूब आमवातासारखं दिसतं, म्हणून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवातासाठीच्या रक्ततपासण्या करून घेतल्या. अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही. बाबांना आधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं, नंतर मेथोट्रेक्सेट. ही दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. मी कॅलेंडरवर रविवारी लाल गोल करून ठेवायचे. मध्ये मध्ये लिव्हरची आणि रक्ताची तपासणी. पाचव्या महिन्यात बाबांनी स्वतः शर्टाची बटणं लावली.

बी-२०४ : गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली.

सी-३०२ : जावेलाही दाखवायला सांगते. गोळी अजून चालूच आहे तिची.

बी-५०३ : सांगा, पण एकदम बंद करू नका म्हणावं, डॉक्टरांना विचारूनच.

ए-१०१ : जिन्याखालच्या कुंड्यांच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या दिसल्या. आत्ता ओतून, घासून उपड्या ठेवल्यात.