'हद्दपार' वाचलं आणि काकूंनी चष्मा काढला

धंतोलीकर : ओळखीच्या एका काकूंचा मुलगा अमेरिकेत आहे. व्हिसाची मुदत उलटली आणि आता तिथल्या इमिग्रेशन कोर्टात त्याची केस सुरू आहे. त्याच्या वकिलाचं चार पानी पत्र मी काकूंसाठी मराठीत करतेय. 'डिपोर्टेशन'ला कोशातून 'हद्दपारी' उचलला. तिसऱ्याच ओळीला काकूंनी चष्मा काढला : "माझा पोरगा काय गुंड आहे?" मग 'निर्वासन' केलं. तर पुढच्या परिच्छेदात 'रेफ्युजी' आला, म्हणजे 'निर्वासित'. वाक्य झालं, 'निर्वासितास निर्वासनापासून संरक्षण'. आता कोण येतोय नि कोण जातोय, माझं मलाच कळेना. काय लिहू?

जुना_मोहरीर : काकूंचं चुकलं नाही. आपल्याकडे हद्दपार, तडीपार म्हणजे ठाण्याच्या यादीतला माणूस. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलमं ५५ ते ५७. जिल्ह्याबाहेर काढायचं, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं. पंधरा दिवसांनी तो पानठेल्यावर उभा दिसतो, ते सोडा. पत्रात नक्की 'डिपोर्टेशन'च आहे का? १९९६ च्या कायद्यानंतर तिथे त्या कारवाईला 'रिमूव्हल' म्हणतात.

धंतोलीकर : हो, शीर्षकात 'रिमूव्हल'च आहे. मीच सोपं केलं होतं.

संत्राबर्फी : रिमूव्हल म्हटलं की मला केस काढायची क्रीम आठवते.

वऱ्हाडी_ठेचा : साधं 'परत पाठवणी' लिहा ना. शब्दाचे एवढे लाड काहून?

धंतोलीकर : पाठवणी नको भाऊ. मुलाचं लग्न व्हायचंय, काकू आणखी रडतील.

शुद्धमती : 'निष्कासन' लिहा. नेमका शब्द आहे. कोशकार डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून परिभाषा घडवली आणि आपण क्रीमवर चर्चा करतोय!

वऱ्हाडी_ठेचा : अन् त्यातले किती शब्द कपाटाबाहेर आले? निष्कासन म्हणजे अतिक्रमणवाल्यांचा ट्रक. काकू म्हणतील, पोरानं फुटपाथवर दुकान टाकलं होतं काय?

छिंदवाड्याचा_जावई : सासरी पेपरात 'जिलाबदर' असतं. बदर म्हणजे दाराबाहेर. 'तडीपार'मधली तड म्हणजे नदीचा काठ. आमचे आजोबा सांगायचे, गुन्हेगाराला नावेत बसवून कन्हानच्या पलीकडे सोडत.

जुना_मोहरीर : तड म्हणजे काठ, कबूल. नाव आजोबांची.

महाल_भोसले_वाडा : 'निर्वासित'वर कोणी बोलत नाही. शब्दाचा अर्थ घालवून दिलेला, आपण वापरतो आसऱ्याला आलेल्यासाठी. जरीपटक्यात आमच्या शेजारच्या सिंधी आजी त्या शब्दावर चिडायच्या. म्हणायच्या, "घर आम्ही सोडलं की आम्हाला काढलं, ते आधी ठरवा." आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले? जोधपूरच्या मानसिंगांनी आसरा दिला, इंग्रजांच्या हवाली केलं नाही. १८४० मध्ये तिथेच वारले. असायलमची, म्हणजे आसऱ्याची, पहिली केस नागपूरचीच!

जुना_मोहरीर : अप्पासाहेबांना वकील लागला नाही. या पोराला लागेल, आणि स्वतःच्या खर्चाने. फौजदारी खटल्यात तिथे गरिबाला सरकार वकील देतं, या केसमध्ये देत नाही. न्यायाधीशही न्याय खात्याचाच नोकर. त्यामुळे खरं तर 'न्यायालय' शब्दालाही माझी हरकत आहे. आणि पत्रातल्या 'रिलीफ'ला 'दिलासा' लिहू नका, तो पेपरवाल्यांचा. 'दाद' लिहा.

धंतोलीकर : काका, दाद घेतला. पण सगळ्यात महत्त्वाची ओळ वेगळीच आहे : ठरल्या दिवशी हजर झाला नाही, तर गैरहजेरीतच बाहेर काढायचा हुकूम निघू शकतो. तिथे मी 'सुनावणी' लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे पेशी ना? मग तसं सांग ना बाई!" आणि लगेच कॅलेंडरवर गोल केला.

कोथरूडची_सून : पेशी? ती शरीरात असते ना? कोर्टात तारीख असते.

वऱ्हाडी_ठेचा : तुमच्याकडं तारीख, आमच्याकडं पेशी. पुण्याचं मराठी तेवढं मराठी काय बाप्पा?

जुना_मोहरीर : पेश म्हणजे पुढे, समोर. फारसी. पेशकार, पेशगी, आणि कोथरूडकरांनो, तुमचा पेशवासुद्धा त्याच घरातला.

धंतोलीकर : आणि डिपोर्टेशन? आज रात्री पत्र द्यायचंय.

शुद्धमती : पेशगी नव्हे, 'अग्रिम'.