आयडल वर-खाली होतंय? आधी रबरी पाइप बघा

दीड लाख किलोमीटर झालेली वॅगन-आर सिग्नलला थांबली की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या वेगाचा काटा ६०० ते १२०० असा झुलतो, प्लग बदलूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या जुन्या अल्टोचं अगदी हेच झालं होतं. खानापूरहून बेळगावात शिरलं की प्रत्येक चौकात इंजिन बंद पडायचं. एका मिस्त्रीनं सरळ ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलायला सांगितलं. कृपा करून एवढ्यात तिथवर जाऊ नका!

बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जाणाऱ्या रबरी पाइपांवर बाटलीनं थोडं थोडं पाणी फवारा. वायरिंग आणि पंख्यापासून लांब. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय समजा. माझ्या पाइपाला जोडाजवळ नखाएवढी चीर होती; नुसती बघून दिसेना, वाकवल्यावर तोंड उघडलं. दुकानात मीटरच्या मापानं मिळणारा पाइप घातला आणि काटा ८५०ला स्थिर.

तिथं काही नसेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि आयडलची हवा सांभाळणाऱ्या आयडल व्हॉल्व्हवरचा कार्बन क्लीनरनं पुसून घ्या. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू मात्र कुणाला फिरवू देऊ नका, तो कंपनीतूनच सेट करून आलेला असतो.

एसी लावल्यावर जास्त त्रास होतो का, तेवढं सांगा.