मदत हवी आहे: घरच्या ईमेलमधला कचरा गाळायचाय, पण बिलं आणि बँकेची पत्रं सांभाळून

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी,

आईबाबा सांगलीत, मी ठाण्यात. घरचा म्हणून एकच जीमेल पत्ता आहे, बाबांनी नोकरीत असताना काढलेला, आणि तोच सगळ्या जगाला दिलेला. महावितरण, गॅस, एलआयसी, दोन बँका, म्युच्युअल फंड, बाबांचे किडुकमिडुक शेअर, आईचा योगवर्ग, भाचीची शाळा. शिवाय दुकानात बिल करताना काउंटरवरच्या मुलीने "काका, ईमेल?" विचारलं की बाबा स्पेलिंगसकट सांगून मोकळे.

आज सकाळी त्यांचा इनबॉक्स उघडला तर वरून खाली हे असं: 'तुमचं ५ लाखांचं कर्ज मंजूर', चपलांवर ६० टक्के सूट, एका कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस, 'पार्सल अडकलं आहे, पत्ता अपडेट करा', लाभांशावरच्या टीडीएसचं पत्र, 'मेलबॉक्स भरला, २४ तासांत बंद होईल', मोफत कुंडली, पुन्हा चपला, आणि मग कुठे विजेचं बिल. सोसायटीच्या मेंटेनन्सचं पत्र तर स्पॅममध्ये जाऊन बसलेलं. बाबांनी हल्ली मेल उघडणंच सोडलंय. मला फोन करतात, "बिल आलंय का बघ गं."

दिसेल त्याला ब्लॉक करून झालं. कर्जवाले दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पत्त्यावरून हजर. काही ठिकाणी अनसबस्क्राइब दाबलं, तर एका ठिकाणी पासवर्ड मागणारं पान उघडलं. ते तसंच बंद केलं.

तर विचारायचं हे की अनसबस्क्राइब दाबावं की दाबू नये? ब्लॉकचा उपयोग नसेल तर मग काय करायचं? बिलं कधीच स्पॅममध्ये जाणार नाहीत असा फिल्टर बनतो का? आणि सरळ नवा पत्ता काढणं बरं का? (बाबा तयार नाहीत. "पॅनला, बँकेला, सगळीकडे तोच आहे" हे उत्तर ठरलेलं.) विकतचं काही नको आहे, आणि बाबा मेल फक्त फोनवर बघतात.

चहाबिस्कीट

१९०९ ला डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे संपर्क थांबवायची सोय) लावून टाका. आमच्याकडे कर्जवाल्यांचा त्रास बराच कमी झाला.

कोरडवाहू

चहाबिस्कीट, डीएनडी फोन आणि एसएमएससाठी असतं हो. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या त्या यादीत मोबाइल नंबर जातो, ईमेल पत्ता नाही.

मृण्मयीताई, विकतचं काही लागणार नाही, जीमेलमध्ये आहे तेवढं पुरतं. फक्त फिल्टर फोनच्या ॲपमधून बनवता येत नाहीत, त्यासाठी संगणकावरच बसावं लागतं. एकदा बनवले की बाबांच्या फोनवर आपोआप लागू. बाकी सविस्तर जुनी_वायर काका सांगतील, त्यांची वाट बघा.

पावसाळी

ताई, आधी एक सांगा. हा कचरा हळूहळू वाढला की एका दिवसात अचानक कोसळला?

विचारायचं कारण, माझ्या मावसभावाच्या मेलवर एका दुपारी पाऊस पडल्यासारखी पत्रं यायला लागली. 'आमच्याकडे नोंदणी केल्याबद्दल आभार', 'कृपया आपला ईमेल पडताळून पाहा', जर्मन, पोर्तुगीज, काय वाट्टेल त्या भाषेत. त्याला वाटलं काहीतरी बिघडलंय, निवडून निवडून डिलीट करत बसला. त्या ढिगाऱ्यात त्याच्याच क्रेडिट कार्डावर झालेल्या खरेदीची सूचना होती. चोरांनी ती दिसू नये म्हणूनच त्याचा पत्ता शेकडो ठिकाणी नोंदवून टाकला होता. असं झालं तर मेल साफ करत बसू नका. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार. मेल काय, नंतरही साफ होतो.

मृण्मयी_ठाणे

बाप रे, हे माहीतच नव्हतं. नाही नाही, आमच्याकडे वर्षानुवर्षं साठत आलेलं आहे.

जुनी_वायर

निवृत्तीआधी एका कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळायचो, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्या यादीत तीन वेगळ्या जाती आहेत आणि तिघींना औषध वेगळं.

चपलावाले खरे दुकानदार आहेत. बाबांनीच त्यांना पत्ता दिलाय. इथे अनसबस्क्राइब दाबायला हरकत नाही, मात्र पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात असतं ते नाही. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः जे बटण दाखवतं ते दाबायचं. २०२४ पासून गूगलचा नियम आहे, याहूचाही तसाच: जीमेल पत्त्यांवर रोज ५,००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्याने एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय ठेवायची आणि दोन दिवसांत नाव काढून टाकायचं. तेव्हा दोन दिवस थांबा. तरी चपला आल्याच तर बिनदिक्कत 'रिपोर्ट स्पॅम'. अशा तक्रारींचं प्रमाण हजारी तीनच्या खाली ठेवा असं गूगलने त्यांना बजावलंय, त्यामुळे तुमची एक तक्रारही त्यांना चांगलीच लागते.

कर्ज, पार्सल, मेलबॉक्स भरला, हे चोर. इथे अनसबस्क्राइब दाबणं म्हणजे 'या पत्त्यावर माणूस राहतो' असं आपणच कळवणं. उत्तर द्यायचं नाही, दुवा उघडायचा नाही. नुसत्या ब्लॉकनेही भागत नाही, कारण ब्लॉक फक्त त्या एका पत्त्याला लागतो आणि नवा पत्ता काढायला त्यांना दमडी पडत नाही. 'रिपोर्ट स्पॅम' केलंत की जीमेलच्या स्पॅम गाळणीला त्या पत्राचा मजकूर, त्यातले दुवे, ते कुठल्या सर्व्हरवरून आलं, हे सगळं नमुन्यादाखल मिळतं. मेलबॉक्स खरंच किती भरलाय हे संगणकावर जीमेलच्या पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं. फुकटात १५ जीबी मिळतात, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले.

तिसरी जात सभेच्या नोटिसा आणि टीडीएसची पत्रं. यांचा वैताग येतो, पण हे स्पॅम नव्हे, सभेची नोटीस तर कंपन्यांना पाठवावीच लागते. रागाच्या भरात यांना स्पॅम म्हणू नका. शेअर रजिस्ट्रार (कंपन्यांच्या वतीने भागधारकांच्या नोंदी ठेवणारे) मोजकेच असतात आणि ढीगभर कंपन्यांची पत्रं तेच पाठवतात. एकाला स्पॅम ठरवलंत की उद्या त्याच पत्त्यावरून आलेलं केवायसीचं किंवा न घेतलेल्या लाभांशाचं पत्रही तिकडेच जाण्याची भीती. यांच्यासाठी विषयावरून फिल्टर करा ('एजीएम', 'अ‍ॅन्युअल रिपोर्ट', 'डिव्हिडंड', अर्थात इंग्रजी अक्षरांत), 'स्किप द इनबॉक्स' आणि 'शेअर' असं लेबल. टीडीएसच्या पत्रांना मुदत असते, म्हणून सभांच्या हंगामात त्या लेबलात डोकावत जा.

आता मुख्य गोष्ट. लोक नको असलेल्या पत्रांसाठी फिल्टर करत बसतात. 'लोन' शब्द दिसला की उडव, 'ऑफर' दिसलं की उडव. चोर स्पेलिंग बदलतात आणि उडतं काय, तर गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला. नको असलेले अगणित आहेत, हवे असलेले दहा-बाराच, आणि ते सहसा पत्ता बदलत नाहीत. त्या दहा-बारांचा एकच फिल्टर करा. 'फ्रॉम'च्या रकान्यात पत्ते लिहायचे, दोन पत्त्यांमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ऑर', आणि पुढच्या पानावर 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' व 'अप्लाय द लेबल' या दोन खुणा. लेबलाचं नाव 'कामाचं'. तिथेच खाली जुन्या पत्रांनाही लागू करायची खूण आहे, तीही करा.

पण इथे एक मेख आहे. 'फ्रॉम'मध्ये नुसतं बँकेचं नाव लिहू नका. जीमेल पत्त्याबरोबर पाठवणाऱ्याचं दिसणारं नावही तपासतो, आणि नाव तर कोणीही काहीही लावतो. बँकेचं नाव लावून आलेला चोर मग तुमच्याच फिल्टरच्या कृपेने स्पॅममधून सुटून थेट 'कामाचं'मध्ये बसेल. जुनं, खात्रीचं पत्र उघडून त्यातला पत्ता ॲट चिन्हासकट पूर्ण उतरवून घ्या.

शेवटी बाबांचा फोन. अँड्रॉइड असेल तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये खात्यावर जाऊन 'मॅनेज लेबल्स'. तिथे 'कामाचं' लेबलाचं सिंक आणि नोटिफिकेशन चालू करा, इनबॉक्सचं नोटिफिकेशन बंद. फोन वाजला म्हणजे कामाचंच आलंय.

कावेरी

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी बँकेपुरतं जोडते. बँकांनी आपली संकेतस्थळं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर न्यावीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं, कोणा सोम्यागोम्याला विकत घेता येत नाही. म्हणून बाबांना एवढंच शिकवा: बँकेच्या नावाने आलेल्या दुव्यात सुरुवातीच्या 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट बँक डॉट इन' आहे का बघायचं, बँकच्या आधीच्या डॉटसकट. मधेच कुठेतरी 'बँक डॉट इन' आणि त्यापुढे आणखी काही डॉट कॉम असेल तर ते बनावट.

खरं तर मेलमधून बँकेत जाऊच नये. ॲप उघडावं.

वीजबिलाचंही तसंच. खऱ्या बिलावर आपला १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. नुसतं 'प्रिय ग्राहक' म्हणून भीती घालणारं पत्र आलं की तिथेच ओळखायचं.

चहाबिस्कीट

मग नव्या पत्त्याचं काय? मी म्हणेन काढाच. बँका आणि सरकारी कामं नव्यावर, जुना तसाच सडू द्यायचा.

कोरडवाहू

उलट करा. पॅन, बँक, डिमॅट, एलआयसी सगळीकडे पत्ता बदलायचा म्हणजे दोन महिने ओटीपी-ओटीपी खेळणं, आणि एखादं ठिकाण राहतंच. जुना पत्ता कामाला राहू द्या. नवा काढा तो दुकानांसाठी, कूपनांसाठी, 'काका, ईमेल?' साठी. कागदावर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा.

जीमेल पत्त्यात नावानंतर अधिकचं चिन्ह घालून शब्द जोडता येतो, पत्र आपल्यालाच येतं आणि पत्ता कोणी वाटला ते कळतं. युक्ती छान आहे, पण आपल्याकडचे बरेच फॉर्म अधिकचं चिन्ह घेतच नाहीत. आणि काउंटरवर उभं राहून ते समजावणं बाबांच्याने व्हायचं नाही.

मृण्मयी_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी व्हिडिओ कॉलवर बसून 'कामाचं' आणि 'शेअर' दोन्ही फिल्टर केले. दुकानांसाठीच्या पत्त्याला बाबा चक्क तयार झाले, फक्त तो लक्षात राहील असा हवा म्हणाले, म्हणून त्यात आमच्या मांजराचं नाव घातलंय.

दोन शंका उरल्यात. सोसायटीचं पत्र 'नॉट स्पॅम' केलं, सेक्रेटरींचा पत्ताही फिल्टरमध्ये घातला. पण मुळात ते तिकडे का जातं? बाकीच्या बिऱ्हाडांचीही तीच तक्रार आहे. आणि बाबांच्या कॅलेंडरमध्ये 'तुम्हाला आयफोन लागला' असं रोज सकाळी ९ वाजता येतंय, ते कुठून?

जुनी_वायर

सोसायटीचं पत्र संगणकावर उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' आहे. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी दिसतील. पहिल्या दोन ओळी पत्र कुठल्या सर्व्हरवरून आलं आणि वाटेत बदललं का ते सांगतात. तिसरी सांगते की वर दिसणारा पत्ता त्याच्याशी जुळतो का. तिथे 'फेल' असेल तर माझा अंदाज असा: सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती कुठल्यातरी सॉफ्टवेअरमधून पाठवतायत आणि पाठवणारा म्हणून स्वतःचा जीमेल पत्ता लावतायत. पत्र भलत्याच सर्व्हरवरून येतं आणि नाव जीमेलचं. गाळणीच्या नजरेने ही चोराचीच चाल. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून पाठवणारा पत्ता त्यांच्या स्वतःच्या डोमेनचा (पत्त्यातला ॲट चिन्हानंतरचा भाग) करायचा आणि उत्तरासाठी सेक्रेटरींचा लावायचा. सगळ्या बिऱ्हाडांचं काम होईल.

कॅलेंडरचं सोपं आहे. चोर मेलसोबत कॅलेंडरचं निमंत्रण पाठवतात आणि ते न विचारता आत शिरतं. संगणकावर गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर' आहे, तिथे 'ओन्ली इफ द सेंडर इज नोन' निवडा. आधी आलेली निमंत्रणं उघडून 'रिपोर्ट ॲज स्पॅम' करा, 'नो' दाबू नका. 'नो' म्हटलं की नकाराचं उत्तर पाठवणाऱ्याकडे जातं.

मृण्मयी_ठाणे

सेक्रेटरींना कळवलं. "सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही" म्हणाले. आयफोन गेला.