मदत हवी आहे: गोल्डफिश सतत वर येऊन तोंड मारतायत

मंडळी, सोलापुरातनं विचारतोय. दोन फुटी टँक, चार गोल्डफिश, परवापासनं चारी मासे वर येऊन पचपच तोंड मारतायत, त्यात एकाचा तर एकच कल्ला हलतोय, दुसरा गच्च मिटलेला. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी, म्हणून पाणी आलं त्या दिवशी निम्मं पाणी एकदम बदललं, क्लोरीन मारायचं औषध संपलेलं, तसंच ओतलं (चूक माझीच). थर्मामीटर ३२ दाखवतोय, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून एअरपंप रात्रंदिवस चालू, तरी फरक नाही. क्लोरीननं कल्ले भाजलेत का अमोनिया (माशांच्या घाणीतनं पाण्यात साठणारं विष) वाढलाय? मिटलेला कल्ला बघून किड्यांची शंका येते, पण मग चौघांना एकदम कसं? दुकानदार न बघताच निळं औषध घाला म्हणतोय. आधी अमोनियाची टेस्ट करू ना?